जुनी लायब्ररी काढली ती दुपार

आधी नाव सुलभाताईंचं. काय घडलं ते मागून सांगते, कारण घडलेलं सांगायला लागले की मी घाबरते, आणि घाबरले की आभाराचं राहून जातं. आजवर तसंच होत आलंय.

सुलभाताई रोह्याशेजारच्या वरसे गावात राहायच्या. तिकडच्याच एका केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेत कॉम्प्युटरवर कामाला होत्या आणि दर रविवारी एसटीनं पेणला येऊन आमच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायच्या. उंच, काटकुळ्या, केसांना चापून तेल. बोलणं असं तिखट की पहिल्या रविवारी मुली रडायच्या आणि चौथ्या रविवारी त्यांच्यासाठी घरचे ताडगोळे घेऊन यायच्या. मी आठवीत शाळा सोडलेली. इंग्रजीत आपटले ती पुन्हा त्या फाटकातून आत गेले नाही. आज माझ्या बोटांना जे काही येतं, ते या बाईंनी शिकवलेलं आहे.

एप्रिल आला की इथं मशीनं नव्या आवृत्तीवर न्यायची वेळ येते. इथं म्हणजे तमिळ मुलखात, घरापासून दीड दिवसाच्या गाडीवर, एका रुग्णालयाच्या तळमजल्यावर. बाहेर कोण काय बोलतं ते मला अजून निम्मंच कळतं. आत सगळी मशीनं लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालतात, त्यांचं मला सगळं कळतं. वर्षातून एकदा त्यांच्यातलं जुनं काढून नवं घालायचं. स्क्रीनवर ओळी येतात: इतकी पॅकेजं बदलतील, इतकी नवी येतील, इतकी काढली जातील, पुढे जाऊ का? माझ्या हाताखालची मंडळी न वाचता ‘हो’ दाबतात आणि चहाला जातात. मी ‘काढली जातील’ ही यादी बोट ठेवून वाचते. मग वहीत उतरवते. मग पुन्हा वाचते. ती मंडळी हसतात. हसू देत. त्या दोन शब्दांशी आले की माझ्या नाकात अजून एकदम मिठाच्या चिखलाचा वास येतो.

कारण त्याच दिवसांत तिकडं पेणला, वडखळ ते धरमतर रस्त्याच्या दोन्ही अंगांना मिठाच्या राशी पडलेल्या असतात. एसटीच्या खिडकीतून बघवत नाही इतक्या पांढऱ्या. ऊन राशींवर आपटून डोळ्यांत घुसतं. खाडीवरून येणारा वारा ओठांवर बसतो, जीभ फिरवली की खारट. भोगावती नदीच्या अंगाला आमचं घर होतं, तिथवर तो वारा यायचा. आई वाळत टाकलेली सुकट झाकायला धावायची आणि मी क्लासाच्या किल्ल्या घेऊन निघायची.

क्लासाच्या आधी मी गणपतीच्या कारखान्यात होते. शाळा सुटलेल्या पेणच्या मुलीला दुसरं कुठं जायचं असतं? सहा वर्षं रंगकाम केलं. पितांबराचा पिवळा माझ्या नखांतून कधी गेला नाही. आमच्या मालकांचा एक नेम होता. नव्या हंगामाचा साचा आला की तो उघडायच्या आधी जुना साचा अंगणात आणायचा आणि सगळ्यांसमोर फोडायचा. मगच नव्याची दोरी सोडायची. गेल्या सालचा हात चुकून यंदाच्या धडाला लागला, तर कोपरात फट राहते. पुट्टी भरा, रंग द्या, ती फट दिसतेच. म्हणून आधी जुनं फोडा, घोळच नको. साचा फुटायचा तो आवाज मला आवडायचा. एक काम नीट संपल्यासारखा आवाज होता तो.

पुढं प्लास्टरच्या धुळीनं खोकला लागला, डॉक्टर म्हणाले कारखाना सोडा, आणि मी क्लासात झाडलोट करायला लागले. झाडताना बघत गेले. बघताना विचारत गेले. सुलभाताईंनी पहिल्यांदा कीबोर्डपुढं बसवलं तेव्हा म्हणाल्या, “इंग्रजी येत नाय म्हणतेस. या मशीनला तरी कुठं येतं? त्याला शंभर शब्द येतात. तेवढे पाठ कर, मग ते नि तू सारखे.” मी पाठ केले. दोन वर्षांत झाडू दुसऱ्या बाईंकडं गेला आणि मशीन माझ्याकडं आलं. एक मोठं मशीन आणि त्याला जोडलेले सहा पडदे. वर्गातल्या एकोणीस जणांनी वर्षभर जे काही लिहिलं ते सगळं त्या एका मशीनमध्ये.

त्या एकोणिसांत मंदा होती. धरमतरकडच्या मिठागरातल्या घरची. तिनं तिथी टाकली की खाडीची भरती किती वाजता ते सांगणारा प्रोग्राम केला होता. तिचे वडील तीन दिवस घड्याळ घेऊन खाडीवर उभे राहिले, वेळ ताडून बघितली आणि मगच म्हणाले, जा परीक्षेला. मीठ काढायचे दिवस म्हणजे घरातला एकेक हात मोलाचा. “पास झालीस तर फुडं,” त्यांनी तिला सांगितलं होतं, “नायतर फावडा हायच.” परीक्षा एकदाच, सोमवारी सकाळी नऊला. बाहेरून परीक्षक येणार, प्रत्येकाचा प्रोग्राम मशीनवर चालवून बघणार.

आणि रविवारी मी काय केलं?

त्या महिन्यात एका मासिकाबरोबर लिनक्सची नवी सीडी आली होती. मासिकात चित्र होतं: निळं, गुळगुळीत, खिडक्यांना सावल्या. आमच्या मशीनवर नुसती काळी पाटी. मला वाटलं, परीक्षक येतील, विचारतील, हे कोण सांभाळतं? आणि आमच्या क्लासाचे सर माझ्याकडं बोट करतील. आठवी नापास मुलीच्या डोक्यात आलेला हा एवढासा माज. खोटं कशाला बोलू? माजच होता तो. सर त्या दिवशी परीक्षेच्या कामासाठी अलिबागला गेले होते. परीक्षेचा आदला दिवस म्हणून रविवार असूनही वर्ग नव्हता, म्हणून सुलभाताई आल्या नव्हत्या. मी एकटी.

सीडी घातली. एकेक पॅकेज चढवायला घेतलं. पॅकेज म्हणजे बांधून ठेवलेला एक प्रोग्राम. तो सांगतो मला काय काय लागतं, ते असलं तरच आत येतो. पहिला म्हणाला, मला नवी लायब्ररी हवी. लायब्ररी म्हणजे सगळ्या प्रोग्रामांना लागणारी कामं एकत्र ठेवलेली जागा. सगळ्या आळीनं एका विहिरीवर भरावं तसं. बरं, नवी लायब्ररी चढवायला गेले. ती म्हणाली, इथं जुनी आहे, आणि पन्नास प्रोग्राम तिच्यावर पाणी भरतायत, मी येणार नाही. नव्याला नवी हवी, जुन्यांना जुनी. अर्धा तास मी त्या भांडणाच्या मधोमध बसले. घाम कोपरावरून टेबलावर पडत होता.

आणि मग मला साचा आठवला. आधी जुना फोड, घोळच नको. इतकं सरळ वाटलं ते! मशीनला सांगितलं, जुनी लायब्ररी काढ. ते म्हणालं, हिच्यावर पन्नास जण अवलंबून आहेत. मी म्हटलं, कोणाला विचारू नकोस, काढ. तशी आज्ञा असते. जबरदस्तीची. मी ती शिकले होते. कधी द्यायची नाही, हे शिकले नव्हते.

काढली त्यानं. क्षणात. आवाजसुद्धा नाही.

सीडीवर काय काय आहे ते बघावं म्हणून मी ‘एल-एस’ लिहिलं. ही सगळ्यात साधी आज्ञा, घरात कोण कोण आहे ते सांगणारी. उत्तर आलं, असं काही नाही. दुसरी आज्ञा दिली. असं काही नाही. तिसरी. नाही. फाईल दाखवणारा गेला, नक्कल करणारा गेला, तारीख सांगणारा गेला. तारीखही सांगता येईना त्याला! विहीर बुजवली होती मी, आणि आळीतल्या एकेका दारावर जाऊन पाणी मागत होते. माझे हात गार पडले. एप्रिलच्या दुपारी, पेणला, पत्र्याखाली, हात गार. एकोणीस जणांचं वर्ष त्या डब्यात होतं आणि डबा उघडणारा एकही हात मी शिल्लक ठेवला नव्हता.

सुलभाताईंच्या घरी फोन नव्हता. वहीत नंबर होता तो त्यांच्या घराखालच्या नानांच्या किराणा दुकानाचा.

“कोन?”

“नाना, वरच्या सुलभाताईंना बोलवता का? मी पेणवरून शोभा...” आणि मी रडायला लागले.

“रडतंस कशाला गो? कोन गेला काय?”

“नाय नाना. मशीन गेलं.”

“मशीन! मेले, मी हातातला तराजू टाकला ना. थांब, फोन ठेवू नको. सुलभाऽऽ! गो सुलभा!”

त्या खाली आल्या. चपलांचा आवाज मला ऐकू आला.

“बोल. आणि नाक आधी पूस, मला नुसतं सूं सूं ऐकू येतंय.”

“ताई, मी लायब्ररी काढली.”

“कुठली?”

“मोठी. सगळ्यांची.”

पलीकडं कोणीतरी अर्धा किलो साखर मागत होतं.

“का काढलीस?”

“नवी घालायची म्हणून आधी जुनी...”

“साचा फोडलास.” त्यांना सगळं माहीत होतं माझं. “पेणकरीण ती पेणकरीण. बरं, ऐक. मशीन बंद केलंस?”

“नाही.”

“लॉगआउट?”

“नाही.”

“सीडी आत आहे?”

“आहे.”

“मग हात मांडीवर ठेव. मी सांगितल्याशिवाय एक बटण नाय. तुझ्यासमोर जो शेल उघडा आहे, आज्ञा घेणारी ती काळी पाटी, त्यानं जुनी लायब्ररी मघाशीच मेमरीत घेतलीय. तो जिवंत आहे. तो एकटाच. बंद केलास की संपलं, परत उठणार नाय. कळलं?”

“कळलं.”

तेवढ्यात पंखा थांबला. यूपीएस ओरडायला लागला.

“ताई, लाइट गेली.”

“यूपीएस किती वेळ काढतो?”

“नवा होता तेव्हा वीस मिनिटं.”

“म्हणजे आठ धर. ‘इको’ लिही, मध्ये जागा सोड, मग जी, मग एल, मग स्टार.”

‘एल-एस’ गेलं होतं, पण ‘इको’ शेलच्या स्वतःच्या पोटातलं, ते विहिरीवर जात नाही. मी सीडीच्या फोल्डरमध्येच होते. स्टारच्या जागी शेलनं नावं आणून ठेवली. मला रडू कोसळलं. तीन-चार फाइलींची नावं होती नुसती, पण वाटलं, ढिगाऱ्याखालून कोणी ओ दिली.

“वाच. एकेक अक्षर.”

मी वाचलं. जी, एल, आय, बी, सी. आडवी रेघ. दोन पॉइंट एक पॉइंट एक. आठवीत ज्या अक्षरांनी मला पाडलं, ती एकेक करून मी दुकानात उभ्या बाईंना सांगत होते आणि त्या मोठ्यानं परत म्हणत होत्या.

मागून नानांचा आवाज, “दोन, एक, एक? मटक्याचा आकडा लागला काय गो सुलभा?”

“नाना, गप बसा हो. शोभा, आता आर-पी-एम लिही.”

“पण ते मेलंय ना?”

“ते नाय मेलं. पॅकेज चढवणारा प्रोग्राम आपलं पाणी आपल्या पोटात घेऊन फिरतो, त्याला विहीर लागत नाय. बनवणाऱ्याला ठाऊक होतं, तुझ्यासारखी कोणतरी निघणार म्हणून.”

मी लिहिलं. मशीन बोललं! नकार दिला, पण बोललं. नवी लायब्ररी म्हणे, मला अजून एक पॅकेज लागतं. ते आधी द्यायला गेले तर ते म्हणे, मला नवी लायब्ररी लागते. आणि यूपीएसची ओरड आता सलग झाली होती.

“ताई, दोघंही एकमेकांना मागतायत. आता मघासारखं, कोणाला विचारू नको असं...”

“खबरदार!” त्या इतक्या जोरानं ओरडल्या की नानांचं दुकान गप्प झालं. “जबरदस्ती नाय. कोण काय मागतंय ते ऐक. दोघं एकमेकांना मागतात ना? मग दोघांना एका ओळीत दे. आधी हा मग तो नाय. एकदम. दोघांची नावं लिही आणि एकदाच एंटर.”

लिहिलं. एंटरवर बोट ठेवलं. दाबलं. पाटीवर फुल्यांची रांग सरकायला लागली, एकेक, एकेक. मी कधीच इतक्या हावरटपणे काही बघितलं नाही. रांग पुरी झाली.

“आता मुलांच्या फोल्डरमध्ये जा आणि एल-एस.”

घरात कोण कोण आहे ते आलं. एकोणीसच्या एकोणीस नावं.

“आता रीतसर बंद कर. बॅटरीच्या आधी तू बंद कर.”

मी आज्ञा दिली, पाटी विझली, आणि जरा वेळानं यूपीएसही गप्प झाला. सुलभाताई म्हणाल्या, “लाइट आली की चालू कर. चाललं तर मला फोन करू नको, नाय चाललं तर कर.” आणि फोन ठेवला.

मागं वळले तर दारात मंदा. डोक्यावर ओढणी, पायांना मिठागरातला चिखल वाळलेला. केव्हा आली होती देव जाणे.

“शोभाताय, काय झाला? माजा हाय ना आत?”

खोटं बोलायचं मनात आलं. बोलले नाही. सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, भिंतीला टेकली आणि खाली बसली.

“चालू होल ना?”

“माहीत नाही गं.”

“तुला म्हाईत नाय?” तिचे डोळे इतके मोठे झाले की मला खाली बघावं लागलं. “तुला सगला म्हाईत हाय म्हनून आमी तुज्याकडं ठेवला ना!”

दोन तास लाइट आली नाही. आम्ही दोघी त्या बंद मशीनपुढं बसलो. तिनं मधे एकदा मशीनच्या डब्यावर हात ठेवून बघितलं, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. “गरम हाय अजून,” म्हणाली. मग एकदम, “बापूस तीन दिवस खाडीवर हुबा होता गो.” बस, एवढंच. त्यापेक्षा तिनं मला थोबाडीत दिली असती तर सोपं गेलं असतं. विश्वास ठेवलेल्या माणसासमोर ‘माहीत नाही’ म्हणायची वेळ मला त्यानंतर बऱ्याचदा आली. त्या दुपारइतकी लाज मात्र पुन्हा वाटली नाही.

चार वाजून गेल्यावर पंखा हलला. मी बटण दाबलं. ओळी वर सरकल्या, अडकल्या, पुन्हा सरकल्या. नाव विचारलं मशीननं. मंदाचा प्रोग्राम उघडला. तिनं स्वतः त्या दिवसाची तिथी टाकली. उत्तर आलं. ती खिडकीशी गेली, खाडीच्या दिशेनं उगाच बघितलं, तिथून काय दिसणार होतं? आणि म्हणाली, “बरोबर हाय.” मग दोघीही रडलो, हसलो, जे काय झालं ते झालं. निळं गुळगुळीत चित्र काही मी चढवलं नाही. परीक्षकांनी काळी पाटीच बघितली आणि हे कोण सांभाळतं, ते विचारलंही नाही. एकोणीसच्या एकोणीस पास झाले.

इथवर हे सुखाचं. आता ते, ज्यामुळं मी आज लिहायला बसले.

निकालानंतर पेढे घेऊन मी वरशाला गेले. सुलभाताई घरी नव्हत्या, म्हणून नानांच्या दुकानात टेकले. नानांनी पेढा तोंडात टाकला आणि सहज, वजन करता करता म्हणाले, “त्या दिवशी तुज्या फोनापायी तिची बस गेली गो. रविवारी वर्ग नाय म्हनून दुसरी शिफ्ट घेतलेली. बस हितंच, दुकानासमोर हुभी ऱ्हाते. डायवरनं दोनदा भोंगा दिला. ती हात करून बोलली, जा.”

मी हातातला पेढा परत पुड्यात ठेवला.

तो आठवडा कंपनीत लोकांना कायम करण्याचा होता. प्रयोगशाळेच्या यादीत सुलभाताईंचं नाव होतं. न कळवता गैरहजर, म्हणून नाव काढलं आणि त्यांना पॅकिंगला लावलं. त्यानंतर कंपनीत त्यांचा हात मशीनला लागला नाही. कायम झाल्या त्या कितीतरी वर्षांनी, पॅकिंगमध्येच. आणि या सगळ्यात त्या मला काय म्हणाल्या होत्या? चाललं तर फोन करू नको.

संध्याकाळी त्या आल्या. मी काही विचारायच्या आतच त्यांनी नानांकडं बघितलं आणि ओळखलं. “नानांच्या तोंडाला झाकण नाय,” म्हणाल्या. “मला नाहीतरी प्रयोगशाळेतला वास सोसत नव्हता.” खोटं होतं. त्यांना तो वास आवडायचा, रविवारी सांगायच्या. मी पाया पडायला वाकले तर मागं सरकल्या. “वाकू नको. पुढच्या रविवारी आर-पी-एमचं पान पाठ करून ये. विचारणार आहे.” आणि खरंच विचारलं.

मी पुन्हा पुन्हा तिथंच येते. पॅकेज काढायला गेलं तर मशीन आधी सांगतं, हिच्यावर कोण कोण अवलंबून आहे, काय काय मोडेल. निदान विचारतं तरी. फोन उचलणारं माणूस आपल्यासाठी काय मोडून उभं आहे, ते कोणी सांगत नाही. मी त्या दुपारी एकोणीस नावं वाचवली म्हणून खूश होते, आणि त्याच वेळी रोह्याला एका यादीतून विसावं नाव निघालं. मला त्याचा पत्ताही नव्हता. आज इतक्या वर्षांनीही हे लिहिताना हात तसेच गार पडलेत.

ताई, तुम्ही आता घरीच असता, कळलं मला. पॅकिंगमध्ये गेलेली वर्षं काही मला परत आणता येणार नाहीत, ती कुठल्याच सीडीवर नाहीत. पण एक दिवस मी येणार आहे. तुमच्या ओटीवर एक मशीन मांडणार आहे, चांगलं, तुमचं स्वतःचं. त्यापुढं बसा आणि हवं ते करा. हवं ते काढून टाका, मुद्दाम मोडा, पार बुडवा. तुम्ही मोडाल ते मी जोडीन, पुन्हा मोडलंत तर पुन्हा जोडीन. आणि तोवर रस्त्यावरून किती का बस जाईनात, मी तुमच्या शेजारून उठणार नाही.